भीड आणि प्याला



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य मला लाभले होते, आणि त्या वर्गातील एक गोष्ट आज या व्यासपीठावर उभे राहताना मला प्रकर्षाने आठवते. एखाद्या मुलाला उभे करून धडा वाचावयास सांगितला आणि त्याच्या तोंडून शब्द फुटेनासा झाला, की गुरुजी त्याच्याकडे पाहावयाचे सोडून खिडकीबाहेर पाहू लागत. मुलगा वाचू लागे, अडखळे, पुन्हा वाचू लागे, आणि तो खाली बसेपर्यंत गुरुजी पाठमोरेच असत. त्या पाठमोरेपणात केवढी समज होती, हे उमगावयास मला मनोविकारांचा वैद्य होऊन पुष्कळ वर्षे जावी लागली. आजचा माझा विषय तो अडखळणारा मुलगाच आहे. मात्र तो आता मोठा झाला आहे, कोणाचा पती आणि कोणाचा पिता झाला आहे, आणि त्याच्या हातात प्याला आहे.

आपल्या भाषेत भीड हा एक मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. भीड पडते, भीड घालतात, भीड मोडवत नाही, आणि सरावाने भीड चेपते. भीड ही भिकेची बहीण असे आपण म्हणतो खरे, परंतु भिडस्त माणसाविषयी आपल्या मनात एक प्रकारचा आदरही असतो, कारण जो दुसऱ्याच्या नजरेची पर्वा करतो तो सहसा उद्दाम होत नाही. तथापि याच भिडेची मात्रा वाढत वाढत अशा एका टोकास जाते, की चार लोकांत बोलणे, पंगतीत जेवणे, कोणी पाहत असता सही करणे, साहेबापुढे कागद वाचून दाखविणे या साध्या गोष्टी त्या माणसास फाशीच्या तख्ताकडे चालत जाण्याइतक्या दुर्धर वाटू लागतात. घशाला कोरड पडते, तळहातांस घाम सुटतो, कानशिले तापतात. आणि यातील मर्माची गोष्ट अशी, की त्याला खरे भय कोणी इजा करील याचे नसून, आपण भ्यालो आहोत हे लोकांना दिसेल याचे असते. १९६६ साली आयझॅक मार्क्स आणि मायकेल गेल्डर या इंग्लंडमधील वैद्यांनी निरनिराळ्या भयगंडांच्या आरंभाची वये ताडून पाहिली, तेव्हा या भयाचा उगम बहुधा कुमारवयात होतो आणि उंचीचे, प्राण्यांचे किंवा बंद जागेचे भय याहून ते वेगळे आहे, असे त्यांना आढळले. १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत वर्गीकरणात त्यास सोशल फोबिया या नावाने स्वतंत्र स्थान मिळाले. हल्ली त्यास सोशल अँग्झायटी म्हणतात. मी आज त्यास भीडच म्हणणार आहे, कारण ज्या माणसांना ती जडली आहे ती माझ्याकडे येऊन हाच शब्द उच्चारतात.

त्यांपैकी एका गृहस्थाची हकीकत, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून, मी सांगतो. ते एका तालुक्याच्या कचेरीत अव्वल कारकून होते; कचेरीच्या रिवाजाप्रमाणे सर्वजण त्यांना भाऊसाहेब म्हणत, आणि मीही त्यांना त्याच नावाने ओळखतो. अक्षर मोत्यासारखे, हिशेब चोख, फेरफाराची नोंद करावी तर यांनीच. परंतु कोणी टेबलाशी उभे राहून पाहू लागले की त्यांचा उजवा हात थरथरू लागे. कामकाजाचे कागद ते घरी नेऊन रात्री सही करीत. चहाची बशी त्यांनी चारचौघांत कधी हातात घेतली नाही, कारण कप बशीवर किणकिणू लागे आणि त्या किणकिणीने सगळ्या खोलीचे लक्ष आपणाकडे वळते असे त्यांना वाटे. ‘मला पोटास सोसत नाही’ असे सांगून त्यांनी कित्येक वर्षे कचेरीत चहा टाळला. पुढे जमाबंदीचा प्रसंग आला. प्रांतसाहेबांपुढे गावोगावचे आकडे मोठ्याने वाचून दाखवावयाचे आणि तेथल्या तेथे सही करावयाची. आदल्या रात्री त्यांना झोप आली नाही. सकाळी एका सहकाऱ्याने, त्याच्या समजुतीप्रमाणे उपकार म्हणूनच, सांगितले, ‘भाऊसाहेब, थोडी घेऊन या. हात दगडासारखा राहील.’

आणि हात दगडासारखा राहिला. आकडे स्वच्छ वाचले गेले, सही ठळक उमटली, साहेबांनी दोन शब्द कौतुकाचे काढले. मला हे सांगताना भाऊसाहेबांच्या डोळ्यांत इतक्या वर्षांनंतरही जी चमक आली, तिचा विसर पडू देऊन दारूविषयी बोलणे हे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. त्या एका सकाळी, चाळिशीच्या उंबरठ्यावर, आयुष्यात प्रथमच इतर माणसांप्रमाणे आपणही माणसांत उभे राहू शकतो असा अनुभव त्यांना आला होता. ज्याच्यापासून हा अनुभव कधी हिरावला गेलाच नाही, त्याने तो दारूपासून घेणाऱ्यास हसणे सोपे आहे.

पुढचा क्रम आपण ओळखला असेल. वर्षातून एकदा जमाबंदीस, मग दरमहाच्या बैठकीस, मग कोर्टातून साक्षीचे समन्स आले म्हणजे, मग एखादा अपरिचित खातेदार दाराशी दिसला म्हणजे, आणि अखेर रोज, कचेरीची पायरी चढण्यापूर्वी. खिशात वेलदोडे असत. सात-आठ वर्षांनी एका पहाटे दाढी करावयास ते आरशासमोर बसले असता हातातील वस्तरा थरथरू लागला, आणि घरात सर्वजण निजलेले होते. ‘डॉक्टरसाहेब,’ ते मला म्हणाले, ‘आधी कोणी बघत असलं की हात कापायचा. त्या दिवशी कोणी बघत नव्हतं.’

या एका वाक्यात व्याधीचे सगळे स्थित्यंतर आले आहे. आपल्या मेंदूत गाबा नावाचे एक रसायन पेशींचा क्षोभ आवरण्याचे काम करते, तर ग्लुटामेट नावाचे दुसरे त्यांना उद्युक्त करते; मद्य पहिल्याचा प्रभाव वाढविते आणि दुसऱ्याचा दडपते, म्हणून अर्ध्या घटकेत छाती हलकी होते. परंतु मेंदू हा असा सावध कारभारी आहे, की बाहेरून नित्य येणारी ही शांतता हिशेबात धरून तो स्वतःचा आवर हळूहळू ढिला करतो आणि क्षोभाची बाजू बळकट करून ठेवतो. मग ज्या दिवशी प्याला वेळेवर येत नाही त्या दिवशी तो साठविलेला क्षोभ उसळतो. हात कापतात, घाम सुटतो, छाती धडधडते. म्हणजे पहा, भिडेची जी लक्षणे घालविण्यासाठी दारू घेतली, तीच लक्षणे आता दारू स्वतः निर्माण करते, आणि तो बिचारा समजतो की आपली मूळची भीडच वाढली, तेव्हा मात्राही वाढविली पाहिजे.

याहून सूक्ष्म अशी दुसरी हानी आहे, आणि ती मला अधिक क्रूर वाटते. त्या जमाबंदीच्या दिवशी आकडे कोणी वाचले? भाऊसाहेबांनीच वाचले, रात्ररात्र जागून त्यांनी ते तयार केले होते. परंतु त्या यशाचे श्रेय त्यांच्या खाती जमा झालेच नाही, ते सर्व बाटलीच्या खाती जमा झाले. भीड चेपण्याचा निसर्गाचा मार्ग हा, की भीत भीत उभे राहावे, आकाश कोसळत नाही हे पाहावे, आणि पुढच्या वेळी थोडे कमी भ्यावे. मद्य घेऊन उभा राहणारा मनुष्य शंभर वेळा उभा राहिला तरी या शिक्षणास मुकतो. शंभराव्या वेळीही तो मनाने पहिल्या सकाळचाच नवखा असतो. यात अपेक्षेचाही मोठा वाटा आहे. अशा भित्र्या माणसांना भाषण करावयास सांगून, त्यापूर्वी काहींना मद्य आणि काहींना मद्य म्हणून साधे पेय दिले, तर त्या साध्या पेयानेही काही प्रमाणात धीर येतो, असे प्रयोगांत दिसून आले आहे. म्हणजे जो धीर बाटलीतून आला असे वाटते, त्यातील काही अंश त्याच्या स्वतःच्याच गाठीचा असतो.

अमेरिकेतील बिल विल्सन या मनुष्याचे चरित्र याच रेषेवरून गेलेले आहे. व्हरमाँट प्रांतातील खेड्यात वाढलेला हा तरुण १९१७ साली सैन्यात अधिकारी म्हणून मॅसॅच्युसेट्समधील न्यू बेडफर्ड गावानजीकच्या किल्ल्यावर रुजू झाला. गावातील प्रतिष्ठित कुटुंबे तरुण अधिकाऱ्यांना घरी मेजवानीस बोलावीत, आणि तेथील झगमगाटात हा उंच, अवघडलेला खेडवळ तरुण मुका होऊन उभा राही. घराण्यात दारूने झालेली हानी ठाऊक असल्यामुळे तोवर त्याने मद्यास स्पर्श केला नव्हता. अशाच एका मेजवानीत कोणी त्याच्या हाती प्याला दिला, आणि आपल्यामध्ये व इतर मनुष्यजातीमध्ये जन्मापासून उभी असलेली भिंत त्या क्षणी कोसळली असे त्याला वाटले. हे त्याने स्वतः पुढे वारंवार सांगितले आहे. त्यानंतर १९३४ च्या डिसेंबरात दारू सुटेपर्यंत, म्हणजे तब्बल सतरा वर्षे, त्या एका क्षणाची किंमत तो फेडीत होता. त्याची पत्नी लोइस हिने ती किती फेडली याचा हिशेब निराळाच.

येथे एक खुलासा केला पाहिजे, कारण माझ्या बोलण्यावरून लाजाळू मुलगा म्हणजे भावी मद्यपी असा ग्रह कोणी करून घेईल तर तो घोर अन्याय होईल. पुष्कळ भिडस्त माणसे मेजवान्यांस जातच नाहीत आणि म्हणून पीतही नाहीत. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांविषयीचे अनेक अभ्यास एकत्र करून २०१३ साली जे परीक्षण प्रसिद्ध झाले, त्यात असे दिसले की भिडस्त विद्यार्थी एकंदरीने इतरांहून थोडे कमीच पितात. परंतु पिण्यापायी उद्भवणारी संकटे मात्र त्यांच्या वाट्यास अधिक येतात. गंमत म्हणून पिणारा आणि औषध म्हणून पिणारा यांतला फरक पेल्याच्या मापात दिसत नाही. अमेरिकेत २००१-०२ साली सुमारे त्रेचाळीस हजार प्रौढांची जी विस्तृत पाहणी झाली, तीत भिडेची ही व्याधी असलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना आयुष्यात केव्हा ना केव्हा दारूचा विकार जडल्याचे आढळले. आणि ज्यांना दोन्ही विकार होते त्यांच्यापैकी सुमारे चार-पंचमांश जणांच्या बाबतीत भीड आधी आणि दारू नंतर, असाच क्रम होता. तो देश वेगळा, तेथील पिण्याचा रिवाज वेगळा, म्हणून ते आकडे जसेच्या तसे आपल्या तालुक्यांस लावणे मला मान्य नाही. परंतु क्रम मात्र माझ्या दवाखान्यातही तोच आढळतो.

महाराष्ट्रास हा क्रम अगदीच अपरिचित आहे असेही नव्हे. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक १९१९ साली, नाटककाराच्या निधनानंतर, गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले, आणि सिंधूच्या दुःखावर पिढ्यान्‌पिढ्यांनी अश्रू ढाळले. परंतु तिचा पती सुधाकर याच्या हाती पहिला प्याला कोणत्या घटकेस आला, याकडे आपले दुर्लक्ष झाले. बुद्धिमान वकील, भर कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो, सनद जाते, आणि त्या मानहानीच्या डागण्या घेऊन बसलेल्या माणसाजवळ मद्यपी तळीराम येतो. सुधाकर भिडस्त नव्हता, मानी होता. तरीही त्याच्या पहिल्या प्याल्याच्या मुळाशी चैन नसून लोकांच्या नजरेची जळजळ आहे, हे गडकऱ्यांनी अचूक दाखविले आहे. मद्यपाननिषेधाच्या चळवळीने त्या नाटकातून बाटली तेवढी उचलली आणि ती जळजळ तेथेच ठेवली. १९४९ साली मुंबई इलाख्यात दारूबंदीचा कायदा आला, परवाने आले, जप्त्या झाल्या. कायद्याची नजर बाटलीवर असावी हे योग्यच आहे. परंतु भीड ही जप्त करता येणारी चीज नव्हे.

आता माझ्या हातून घडलेल्या एका चुकीची कबुली देतो. भाऊसाहेबांना त्यांच्या मेहुण्यांनी प्रथम माझ्याकडे आणले तेव्हा मी वयाने तरुण होतो आणि मद्यपी माणसास खडसावले म्हणजे तो ताळ्यावर येतो अशी माझी समजूत होती. खोलीत त्यांच्या पत्नी होत्या, मेहुणे होते, दाराशी दोन शेजारी होते. त्या सर्वांदेखत मी त्यांना त्यांच्या संसाराच्या धुळधाणीचा पाढा वाचून दाखविला आणि मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यावयास लावली. त्यांनी मान खाली घालून शपथ घेतली. हात कापत होता, आणि तो पाहून मला, त्या वेळी, पश्चात्तापाचा कंप आहे असे वाटले. त्याच संध्याकाळी ते पिऊन घरी आले. ज्या माणसाने चार लोकांच्या नजरेस भिऊन बाटली धरली होती, त्याला मी चार लोक जमवून त्यांच्या नजरेपुढे उभे केले होते, आणि वर त्यालाच निर्लज्ज म्हटले होते. निर्लज्ज! ज्याला लज्जा इतकी अनावर झाली होती की तो तिच्याखाली चिरडून निघत होता, त्याला. आपल्याकडे दारुड्याची चावडीवर फजिती करण्याची, त्याच्या गळ्यात बाटल्यांची माळ घालून धिंड काढण्याची जी कल्पना अधूनमधून कोणाच्या तरी मनात येते, तिला मी आयुष्यभर विरोध करीत आलो आहे तो या माझ्याच अपराधामुळे.

मग करावे काय? एक सूचना प्रथम देऊन ठेवतो, कारण तिच्या अभावी प्राण जातात. जो मनुष्य वर्षानुवर्षे रोज पीत आला आहे, त्याची दारू घरच्यांनी एका दिवसात बंद पाडू नये. अशा वेळी झटके येतात, भ्रम होतो, क्वचित मृत्यू ओढवतो. ते पहिले काही दिवस वैद्याच्या देखरेखीखालीच गेले पाहिजेत.

त्यापुढचा मार्ग मात्र दिसतो तितका सरळ नाही. भीड हे मूळ, तर मूळ उपटा म्हणजे फांदी आपोआप वाळेल, असे कोणासही वाटेल. परंतु अमेरिकेत हे पडताळून पाहिले गेले तेव्हा उलटच अनुभव आला. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दोन्ही व्याधी असलेल्या ९३ जणांपैकी काहींना केवळ दारूवरचे आणि काहींना दारू व भीड या दोहोंवरचे मानसोपचार दिले. ज्यांना दोन्ही एकदम दिले त्यांचे पिणे दुसऱ्यांच्या मानाने कमी प्रमाणात घटले. २००८ साली पॅरॉक्सेटीन या औषधाने अशा रुग्णांची भीती पुष्कळ शमविता आली, पण पेल्यांची संख्या घटली नाही. याचा अर्थ मी असा लावतो, की भीड दारूला घरात घेऊन येते, परंतु एकदा आलेली दारू पुढे स्वतःच्या पायांवर उभी राहते, आणि जो अजून पीत आहे त्याला लोकांत जाऊन भीती सोसण्याचा अभ्यास दिला तर तो त्या अभ्यासालाही पिऊनच जातो. तेव्हा आधी कोरडे व्हावे, थोडे स्थिर व्हावे, आणि मग हळूहळू, एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर, भिडेशी सामना करावा. दोहोंकडे लक्ष ठेवावे. परंतु दोन्ही ओझी पहिल्याच दिवशी त्या माणसाच्या डोक्यावर देऊ नयेत.

गोव्यात संगाथ या संस्थेने एक निराळाच प्रयोग केला, आणि त्याचे वृत्त २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. प्राथमिक आरोग्यकेंद्रांत इतर कामासाठी आलेल्या, घातक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांपैकी निम्म्यांशी, पदवीधर वैद्य नव्हेत तर शिकवून तयार केलेल्या सामान्य समुपदेशकांनी, एकांतात बसून एक ते चार वेळा संभाषण केले. तीन महिन्यांनी त्यांच्यातील ३६ टक्के लोक धोक्याच्या रेषेखाली आले होते. ज्यांना नेहमीचेच उपचार मिळाले त्यांच्यात हे प्रमाण २६ टक्के होते. हा प्रयोग खास भिडस्तांसाठी नव्हता. परंतु शपथ नाही, पंच नाहीत, दाराशी शेजारी नाहीत; समोर एकच माणूस, तोही आपल्यासारखाच, आपल्याच बोलीत बोलणारा. भिडस्त माणसाच्या दृष्टीने याहून सुसह्य दार मला तरी ठाऊक नाही.

आणि एक दार बिल विल्सननेच उघडून ठेवले आहे. १९३५ च्या मे महिन्यात अ‍ॅक्रन शहरी, धंद्यातील अपयशाने खचलेला तो एका हॉटेलच्या दिवाणखान्यात एकटाच येरझारा घालीत होता, शेजारच्या मद्यगृहातून हास्याचे आवाज येत होते, आणि त्या आवाजांकडे न जाता त्याने दूरध्वनी करून कोणी दुसरा मद्यपी भेटेल काय याची चौकशी आरंभिली. त्यातून त्याची गाठ पडली ती बॉब स्मिथ या शल्यवैद्याशी. १० जून रोजी या वैद्यास शस्त्रक्रिया करावयाची होती, आणि हात इतका थरथरत होता की तो स्थिर व्हावा म्हणून विल्सनने स्वतः त्यास बिअर दिली. ती त्याची अखेरची. त्या दिवसापासून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या संघाची गणना होते. त्याच्या सभांतून माणूस उठतो, फक्त आपले नाव सांगतो, आडनाव नाही, आणि आपण मद्यपी आहोत असे म्हणतो. भिडस्ताला हे अग्निदिव्यच. पण समोर बसलेले सगळे त्याच दिव्यातून गेलेले असतात, म्हणून त्यांच्या नजरेत न्यायासन नसते. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने मुक्तांगण उभे केले, तेथेही हाच समदुःखींचा सहवास औषधाइतका मोलाचा मानला गेला.

भाऊसाहेब अशा एका सभेस जाऊ लागले ते माझ्या दुसऱ्या, शहाण्या प्रयत्नानंतर. पहिले कित्येक आठवडे ते एक शब्द बोलले नाहीत. सतरंजी घालीत, उठताना घडी करीत. कोणी त्यांना बोला म्हटले नाही. पुढे केव्हातरी त्यांनी नाव सांगितले, तेही सतरंजीकडे पाहूनच.

गेल्या वैशाखात ते माझ्या घरी आले होते. सेवानिवृत्त आहेत, दारू सोडल्यास बारा वर्षे झाली आहेत. माझ्या पत्नीने सवयीप्रमाणे त्यांच्यासाठी चहा पेल्यात, अर्धाच ओतला. त्यांनी, ‘वहिनी, कपबशीतच द्या,’ असे सांगितले. बशी उचलताच कप किणकिणू लागला, अगदी पूर्वीसारखा. खोलीत आणखी तीन माणसे होती, आणि ती सर्व ऐकत होती. भाऊसाहेब बशी तशीच हातात धरून, यंदा मोहोर उशिरा आल्यामुळे परसातला आंबा कसा लांबला, ते सांगत राहिले.